सात पैशांची काटकसर

‘गाडी पळवणारे पायलीला पन्नास मिळतात, वेळेवर थांबवणारा एखादाच असतो,’ असे आमचे वडील म्हणत. तसे म्हणायचा त्यांना अधिकार होता. बत्तीस वर्षे त्यांनी एस. टी. चालवली आणि त्यातली निम्म्याहून अधिक घाटरस्त्यांवर. आम्हा भावंडांना ‘लायनर’ हा शब्द शाळेतल्या कितीतरी शब्दांच्या आधी कळला. रात्री जेवायला बसले की वडील आईला सांगत, ‘आज मागचं लायनर ओरडत होतं. लिहून दिलंय. ते बदलल्याशिवाय उद्या गाडी बाहेर काढणार नाही.’ आई नुसती मान डोलवी आणि त्यांच्या पानात भाकरी वाढी. तिला त्यातले तांत्रिक काही कळत नसेल, पण ‘ओरडणे’ कळत होते.

अशा बापाचा मी मुलगा. मी मात्र कचेरीच्या खुर्चीला चिकटलो आणि ड्रायव्हिंग शिकलो ते चाळिशी उलटल्यावर. २०१६ साली कर्ज काढून छोटी चारचाकी घेतली. वडील तेव्हा नव्हते. गाडीची पूजा झाल्यावर आईने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘ब्रेक चांगले आहेत ना रे?’ सगळे हसले. मीही हसलो.

त्या प्रश्नाचे उत्तर मला सात वर्षांनी मिळाले, पाचगणीहून वाईकडे उतरणाऱ्या पसरणीच्या घाटात.

आधी घाई, मग आळस

गोष्टीची सुरुवात मात्र घाटात नाही, एका झकपक सर्व्हिस सेंटरात आहे. २०१८ साली बावीस हजार किलोमीटर झाले होते. गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला टाकली आणि दुपारी फोन आला, ‘सर, पुढचे ब्रेक पॅड संपलेत. सेफ्टीचा प्रश्न आहे. करून टाकू?’ ‘सेफ्टी’ म्हटल्यावर संसारी माणूस नाही कसा म्हणणार? म्हटले, करा. संध्याकाळी तीन हजार आठशे रुपये जास्तीचे लागले. जुने पॅड दाखवा म्हटल्यावर टाय लावलेला तरुण जरा घुटमळला, मग आतून एका पिशवीत घेऊन आला. घरी येऊन पट्टीने मोजले, तर चांगला सहा मिलिमीटर मसाला शिल्लक. पॅड निम्मे जेमतेम वापरले गेले होते.

मला राग आला तो पैशांचा नव्हे, भीती दाखवल्याचा. त्या दिवशी मी मनाशी गाठ बांधली, की पुन्हा कुणी ब्रेकचे नाव काढून घाबरवले तर हलायचे नाही. वाचकहो, फसवणुकीचे खरे नुकसान हे असते. तीन हजार आठशे रुपये गेले ते गेलेच, पण जाताना ते माझा विश्वासही घेऊन गेले. पुढे खरे सांगणारा भेटला, तेव्हा तो मला खोटा वाटला.

खरे सांगणारे म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचे मिस्त्री. सर्व्हिस सेंटर सोडल्यावर मी गाडी त्यांच्याकडे देऊ लागलो होतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, त्यांनी चाक काढले, आत वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘काका, पुढच्या डाव्या चाकाचं आतलं पॅड दोनच मिलिमीटर उरलंय. कॅलिपरची पिन चिकटते आहे. बाहेरचं ठीक आहे, पण आतलं भराभर संपतंय. बदलून घ्या. पॅड सोळाशे पन्नास, मजुरी साडेचारशे. त्यात पिन साफ करून ग्रीसही लावतो.’

एकूण एकवीसशे. मी म्हटले, ‘बघू दिवाळीनंतर.’ घरी आल्यावर मोबाइलच्या उजेडात चाकाच्या फटीतून डोकावलो. दिसले ते पॅड चांगले जाड होते. मनात म्हटले, हेही त्यातलेच! चाकाच्या फटीतून फक्त बाहेरचे पॅड दिसते, आतले दिसत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मिस्त्रींनी ‘आतलं’ हा शब्द दोनदा उच्चारला होता. मी तो एकदाही ऐकला नव्हता.

झिजण्यासाठीच जन्म

पॅड म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी लहानपणची सायकल आठवावी. ब्रेक दाबला की रबराचे दोन ठोकळे रिमला दोन्हीकडून चिमटीत धरतात. मोटारीतही तेच. चाकाबरोबर लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तिच्यावर कॅलिपर नावाचा चिमटा बसवलेला असतो आणि त्या चिमट्याच्या दोन्ही ओठांना पॅड असतात. आपण पायाने पॅडल दाबतो, तो दाब ब्रेक ऑइलमधून कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि पॅड तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळतात. बऱ्याच छोट्या गाड्यांना डिस्क फक्त पुढे असते, मागे ड्रम आणि लायनर असतात. थांबवण्याचे मोठे काम पुढच्या चाकांवरच पडते, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. एस. टी.त उभ्याने प्रवास केलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

पॅडवरचा मसाला मुद्दाम डिस्कपेक्षा मऊ ठेवलेला असतो. झिजायचे कुणी, तर स्वस्त वस्तूने, अशी ती योजना आहे. नव्या पॅडवर साधारण दहा-बारा मिलिमीटर मसाला असतो. तीनवर आला की बदलावा, असे जाणकार सांगतात. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टीही जोडलेली असते. मसाला पातळ झाला की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. तो बिघाड नव्हे, ती सूचना असते.

या झिजणाऱ्या वस्तूचा जन्मही मोठा गमतीदार आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेन्झ नावाची गृहिणी नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्टझहाइम, सुमारे शंभर किलोमीटर. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा तिने एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे पहिले लायनर म्हणतात ते हेच. आईला भेटायला निघालेल्या त्या बाईने ठोकळे झिजताहेत हे वेळीच ओळखले आणि वाटेतच उपाय केला. मी मात्र साक्षात आईला शेजारी बसवून किंचाळणाऱ्या पट्टीकडे दुर्लक्ष केले.

रेडिओचा आवाज

दिवाळी झाली. मुलीच्या क्लासची फी, चुलत भावाकडचे लग्न, फ्रिजचा कॉम्प्रेसर. दरमहा काही ना काही निघतच होते आणि एकवीसशे रुपये दरमहा मागे पडत होते. नोव्हेंबरात सकाळी गाडी काढताना पुढून ‘चीं’ आवाज येऊ लागला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘दव पडतं हो. डिस्कला रात्रीतून गंज धरतो. दोन-चार ब्रेक मारले की जातो.’ ते खोटे नाही. ओल्या हवेत असा आवाज येतो आणि थोड्या वेळाने जातो. पण माझा आवाज जात नव्हता. तरी सोयीचे कारण सापडल्यावर माणूस दुसरे कशाला शोधतो? सौ. म्हणाली, ‘अहो, हे काय वाजतंय?’ मी म्हटले, ‘दव.’ दुपारी दोन वाजता! आणि रेडिओचा आवाज वाढवला.

डिसेंबरात नाताळच्या सुटीत महाबळेश्वरला गेलो. मी, सौ., मुलगी आणि एक्याऐंशी वर्षांची आई. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. पाचगणी मागे पडली, घाट सुरू झाला. खाली कृष्णेचे खोरे आणि धोमचे पाणी उन्हात चमकत होते. पुढे एक ट्रक होता, मागे मोटारींची रांग. मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होतो.

तीन-चार वळणांनंतर आवाज बदलला. ‘चीं’ जाऊन ‘खर्र खर्र’ सुरू झाले, पाट्यावर कुणी लोखंड घासावे तसे. पॅडल पायाखाली थरथरू लागले. जळकट वास आला. आणि पुढच्या वळणावर पॅडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले. गाडी थांबली, पण मला हवी तिथे नाही. ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर.

मागच्या सीटवरून आई शांतपणे म्हणाली, ‘लायनर गेलंय. गाडी बाजूला घे.’

हात कापत होते. पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढत जरा रुंद जागी गाडी घेतली. ‘चाकाला दगड लाव,’ आई म्हणाली. लावला. डाव्या चाकातून धूर निघत होता. मागून आलेला एक भला माणूस पाण्याची बाटली घेऊन पुढे झाला, तशी आईने त्याला हाताने थांबवले. ‘तापल्या तव्यावर पाणी ओततात का बाबा? तडकेल ते.’ तिचे खरे होते. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडले, तर ती वाकते किंवा तिला तडा जातो.

बंबभर पाण्याचा ताप

घाटात नेमके काय झाले, ते नंतर समजून घेतले. ब्रेक गाडीचा वेग ‘नाहीसा’ करत नाही, त्याची उष्णता करतो. पाचगणी ते वाई हा उतार सुमारे पाचशे मीटरांचा. चार माणसे आणि सामान धरून हजार किलोची गाडी तेवढी खाली आणायची, म्हणजे जवळजवळ पन्नास लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. घरगुती भाषेत सांगायचे तर तेवढ्या उष्णतेत पंधरा लिटर पाण्याला उकळी फुटेल. आंघोळीचा बंबच म्हणा ना! गाडी लहान गिअरमध्ये उतरवली तर यातला मोठा वाटा इंजिन स्वतः सोसते. मोठ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरलो, तर तो जवळजवळ सगळा तळहाताएवढ्या पॅडवर पडतो. ‘ज्या गिअरात घाट चढतोस, त्याच गिअरात उतर,’ हा वडिलांचा नियम मला तोंडपाठ होता. पायपाठ नव्हता.

माझ्या पॅडवर तर सोसायला मसालाच उरला नव्हता. आतल्या पॅडचा लोखंडी पत्रा थेट डिस्कवर घासत होता. पॅडल खाली जाण्याचे कारण आणखी वेगळे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. साध्या ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही, पण ओल शिरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. ते ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते. माझ्या गाडीत ते पाच वर्षांपूर्वीचे होते.

फोन केल्यावर गाडी वाहून नेणारे वाहन यायला दोन तास लागतील असे कळले. मी थांबलो आणि बाकीच्यांना वाईकडे जाणाऱ्या एस. टी.त बसवले. चालकाने हात केल्याबरोबर गाडी उभी केली. आई चढताना त्याला म्हणाली, ‘आमचे हेही याच रस्त्याला होते.’ त्याने उतरून तिला पुढच्या सीटवर बसवले. मुलीने नंतर सांगितले, की आजी सबंध घाट इंजिनाचा आवाज ऐकत होती आणि वाई आल्यावर म्हणाली, ‘छान उतरवली. एकदाही ब्रेक तापू दिला नाही.’

हिशेब

वाईच्या गॅरेजमध्ये चाक काढल्यावर डिस्क माझ्यापुढे धरली. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या खाचा पडल्या होत्या, पण एवढ्या खोल की लेथवर घासून सारख्या होण्यासारख्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून सामान आले. बिल असे : दोन डिस्क चार हजार दोनशे, पॅडचा संच सोळाशे पन्नास, कॅलिपरचे काम अठराशे, ब्रेक ऑइल साडेतीनशे, मजुरी बाराशे. एकूण नऊ हजार दोनशे. गाडी खाली आणण्याचे अडीच हजार वेगळे. म्हणजे अकरा हजार सातशे. ऑगस्टमध्ये एकवीसशेत होणारे काम डिसेंबरात साडेपाचपट झाले.

रात्री लॉजवर झोप येईना, म्हणून कागदावर आणखी एक हिशेब मांडला. पॅड तीस हजार किलोमीटर चालले असे धरले, तर एकवीसशे रुपये म्हणजे किलोमीटरला सात पैसे. त्या वर्षी पेट्रोल लिटरला शंभरावर होते आणि माझी गाडी शहरात पंधराची सरासरी देते, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. सात रुपये रोज न कुरकुरता जाळणारा मी, सात पैशांसाठी चार महिने मिस्त्रींना चुकवत होतो. आणि तेही मागच्या सीटवर कोण बसते, हे ठाऊक असताना.

बघायचे कसे, बदलायचे केव्हा

तेव्हापासून ओळखीचे लोक मला विचारतात, ‘किती किलोमीटरला बदलायचे?’ याला एकच आकडा नाही. कुणाचे पॅड पंचवीस हजारांत संपतात, कुणाचे साठ हजार जातात. पुण्यातल्या सिग्नलांवर सारखा ब्रेक मारणारा आणि मोकळ्या हमरस्त्यावर जाणारा यांची झीज एक कशी असेल? वेगाचाही परिणाम मोठा. तीसऐवजी साठच्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला दुप्पट नव्हे, चौपट काम पडते. म्हणून किलोमीटर नव्हे, मिलिमीटर पाहायचे. दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा चाक काढून चारही पॅड, आतले आणि बाहेरचे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सहा असतील तर घाई करणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. तीन असतील तर आपल्या मनातल्या आळशाला नाही म्हणा.

बदलताना पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. जुने पॅड मागून घ्या. डिस्कची जाडी मोजायला सांगा. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरत असेल, तर नुसते वरून भरू नका, पॅड झिजल्याचीही ती खूण असते. ती धूळ मात्र फुंकू नका. जुन्या काळच्या लायनरमध्ये तर ॲसबेस्टॉस असे, आणि आजचीही धूळ छातीत जाणे बरे नव्हे. नवे पॅड बसल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पॅडल चार-पाच वेळा दाबून ते घट्ट लागते ना पाहा, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणे टाळा. विजेवर चालणाऱ्या गाडीत मोटरच बराच वेग आवरते, त्यामुळे पॅड जास्त टिकतात. पण तिथेही पाहणे चुकत नाही, कारण न वापरलेल्या ब्रेकला गंज धरतो.

परतल्यावर मी मिस्त्रींकडे गेलो आणि वाईचे बिल त्यांच्यापुढे ठेवले. ‘तुमचं ऐकलं असतं तर...’ असे काहीसे पुटपुटलो. त्यांनी बिल पाहिले, घडी घालून परत दिले. म्हणाले, ‘काका, चूक माझीही आहे. चाक उघडंच होतं, तुम्हाला खाली बसवून आतलं पॅड दाखवायला हवं होतं. नुसतं सांगितल्यावर कोण विश्वास ठेवतो आजकाल?’ आता त्यांच्याकडे चाक निघाले की ते गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात, हातात बॅटरी देतात आणि म्हणतात, ‘बघा.’

आई आता त्र्याऐंशी पार करून गेली आहे. तिला फारसे कुठे नेत नाही, पण डॉक्टरांकडे जाताना तरी ती गाडीत बसते. परवा निघताना तिने पुन्हा विचारले, ‘ब्रेक चांगले आहेत ना रे?’

या वेळी कुणी हसले नाही. मी म्हटले, ‘सात मिलिमीटर आहेत, आई. आतले आणि बाहेरचेही. गेल्या रविवारी पाहिलेत.’

तिने मान डोलावली, वडील जेवायला बसले की डोलवायची तशीच.